प्लास्टिकला वास नसतो

बाहुल्यांच्या कारखान्यात तीस वर्षं साच्यापुढे उभं राहून काकूंचं नाक पार कामातून गेलं. घरात गॅस सुटला तरी त्यांना पत्ता लागत नसे. 'हे कामामुळे झालं, एवढं कागदावर लिहून द्या,' म्हणून त्यांनी कारखान्यात खेटे घातले. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "काकू, आमच्या प्लास्टिकला मुळात वासच नसतो!"

इकडे घरी सूनबाईंचा जीव मेटाकुटीला आला होता. काकूंनी हौसेने एका पेटीत जमवलेल्या कारखान्याच्या जुन्या बाहुल्या आता चिकट झाल्या होत्या आणि आंबूस घाण मारत होत्या. साबण झाला, सोडा झाला, ऊन दाखवून झालं. वास काही हटेना.

"आई, आता या घरात ही पेटी तरी राहील, नाहीतर मी!"

"इतका येतो वास?"

"डोकं उठतं हो!"

काकूंनी पेटी काखोटीला मारली, तडक साहेबांची केबिन गाठली, दार आतून लावलं आणि टेबलावर पेटीचं झाकण उघडलं. साहेबांनी झटकन रुमालाने नाक दाबलं.



"नाक दाबलंत ना साहेब? मग आता तोंड उघडा."