ताटातली तुकडी

वजनाचा काटा पुन्हा खाली आला होता. डॉक्टरांनी केसरला काट्यावरून उतरवलं आणि रागाने तिच्या नवऱ्याकडे पाहिलं.

"हिला जेवायला घालता की नाही? आणखी वजन उतरलं, तर विजेचा शेक बंद करावा लागेल. सोसणार नाही तिला."

हरेश्वर दुखावला. रेवसहून लाँचने बायकोला मुंबईला आणायचं, गळ्यातल्या गाठीला शेक देऊन परत न्यायचं, पहाटे पुन्हा होडी लोटायची, आणि वर हे ऐकायचं!

"देवाशपथ, डाक्टर, घरातली माशाची चांगली तुकडी हिलाच ठेवतो. व्हय ना गो?"

केसरने मान डोलावली.

"घास उतरतो ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"उतरतो की," ती म्हणाली.

"नवरोबांचं मात्र अंग भरलंय," कंपाउंडर हसला. हरेश्वर ओशाळला. सदऱ्याचं बटण खरंच लागत नव्हतं.

पण तो खोटं बोलला नव्हता. त्यांच्यात बायका मागून जेवत, नवऱ्याच्याच ताटात. म्हणून रोज संध्याकाळी माशाची जाड तुकडी ताटात ठेवूनच तो उठे. स्वतः नुसत्या कालवणावर भागवी. दुसऱ्या दिवशी दर्यावर शिदोरीचं फडकं सोडलं, की भाकरीवर मासा असेच. "एवढी आजारी, पन मला इसरत न्हाय," असं तो होडीवर सगळ्यांना कौतुकाने सांगे. वेडाच तो.

त्या संध्याकाळी त्याने ताट तिच्यापुढे सरकवलं.

"आज तू आधी. माझ्यासमोर."

केसर संकोचली. लग्न झाल्यापासून ती कधी नवऱ्याआधी जेवली नव्हती. हरेश्वरने काटे काढले, मऊ भातात मासा कुस्करला, स्वतःच्या हाताने घास भरवला. तिने तो खूप वेळ तोंडात घोळवला. गिळायला गेली आणि तिचा श्वासच कोंडला. घास तसाच बाहेर आला. दुसराही आला. हरेश्वरने ताट बाजूला ठेवलं.

"कवापासून असं?"

"लई दिस झालं. पेज तेवढी जाते."

"आन मी रोज ताटात ठेवतो ती तुकडी?"

केसरने खुंटीवरच्या शिदोरीच्या फडक्याकडे पाहिलं.

हरेश्वर एवढा दर्यावर्दी गडी, पण लहान पोरासारखा रडू लागला. केसर पुढे सरकली. त्याच्या सदऱ्याचं ते बटण ओढूनताणून लावायला लागली.

"रडू नका. मला उतरत न्हाय. तुमच्या अंगाला लागलं, ते माझंच हाय की."