पहाऱ्यावर मोठ्या बाई

मोठ्या बाई वाचनालयाच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि आत जाणाऱ्या पोरांना बूटसुद्धा काढायला लावत होत्या.

खेळ इतिहासाच्या वितेनिस सरांचा. रशियन झारच्या काळात लिथुआनियात चाळीस वर्षं लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन पुस्तकांना बंदी होती. माणसं ती शेजारच्या प्रशियातून चोरून आणत, आणि सापडली की कित्येकांची रवानगी सैबेरियात. हे फळ्यावर लिहून पोरांना काय कळणार? म्हणून सरांनी दहावी अ च्या वर्गाला सांगितलं, आज शाळेत बंदी. फाटकापासून वाचनालयाच्या टेबलापर्यंत एक जुनी अंकलिपी पोचवायची, शेवटच्या घंटेच्या आत.

"मग पोलीस मीच होणार," मुख्याध्यापिका दांगुओलेबाई म्हणाल्या होत्या. सरांच्या असल्या उद्योगांना त्या पोरखेळ म्हणत. "पुस्तक माझ्या हाती लागलं, तर सोमवारपासून गुपचूप धडा वाचायचा आणि सनावळ्या पाठ करून घ्यायच्या. कबूल?"

सर कबूल म्हणाले खरे, पण सकाळपासून ते वाचनालयाभोवती घिरट्या घालत होते. बाईंच्या नजरेतून आजवर शाळेत काही सुटलं नव्हतं.

दोमान्तासच्या दप्तरात काळ्या पावाची अख्खी लादी निघाली. बाईंनी ती मोडली. आत गणिताचं पुस्तक.

"गणिताला बंदी नव्हती, बाई," दोमान्तास म्हणाला.

"अक्कल गहाण ठेवलीस की काय? चल, हो बाजूला."

एवढ्यात उग्ने आली. तिच्या दोन्ही हातांत शाकोतिस होता, सणासमारंभाचा केक, झाडासारखा फांद्याफांद्यांचा, कमरेएवढा उंच. "नामदिवसाच्या शुभेच्छा, बाई," असं म्हणून तिने तो केक पुढे केला.

बाईंचा नामदिवस नव्हता. सगळी नावं पंचांगात आपापल्या तारखेला छापलेली असतात, आणि स्वतःचं नाव कोण विसरतं? त्यांना मनातून हसू आलं. शाकोतिस वरपासून खालपर्यंत पोकळ असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"किती गुणी गं तू," त्या म्हणाल्या. खुर्ची सोडून त्यांनी केक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि वरून एकेक फांदी मोडायला घेतली. शाकोतिस सुरीने कापत नाहीत, हाताने मोडतात, आणि मोडला की समोरच्याला द्यावाच लागतो. बघता बघता पोरं गोळा झाली. बाई वाटत होत्या, मधेच स्वतःही खात होत्या आणि दर तुकड्यागणिक आत डोकावत होत्या.

तळ लागला. आत पिवळा चुरा, बाकी काही नाही.

"बाई, पोचलं," आतून आवाज आला. गिएद्रे नावाची मुलगी वाचनालयाच्या टेबलाशी उभी होती. टेबलावर अंकलिपी, आणि तिच्या हातात अर्धा खाल्लेला तुकडा.

"कुठे लपवलं होतंस?"

"कुठेच नाही. हातातच होतं. या हातात तुम्ही केक दिलात, तेव्हा त्या हातात."

बाईंच्या तोंडात घास होता, त्यामुळे त्यांना नीट रागावताही येईना. "ही शुद्ध फसवणूक आहे, वितेनिस. हेच शिकवता?"

"फसवणूक नाही, बाई, लाच," उग्ने म्हणाली. "माझ्या आजोबांचे आजोबा पुस्तकं आणायचे. सीमेवरच्या शिपायाला दारू पाजायची, तो घोरायला लागला की पोती पार. आम्हाला शाळेत दारू आणता येत नाही, म्हणून..."

"हे मी सांगितलं नव्हतं," सर चाचरत म्हणाले.

"घरी विचारलं, सर. सगळ्यांनीच विचारलं. दोमान्तासच्या पणजीकडचे लोक पावातून आणायचे."

सरांना इतका आनंद झाला की पैजेचं ते विसरूनच गेले. बाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी घास गिळला आणि स्कर्टवरचा चुरा झटकला. आपण हरलो याचं त्यांना वाईट वाटत होतं. हरवलं कोणी, याचं अजिबात नाही.

"सोमवारी दहावी ब ला हाच खेळ द्या," त्या म्हणाल्या.

"आणि पहाऱ्यावर तुम्हीच ना, बाई?"

"छे. पहारा तुम्ही करा. पुस्तक मी आणणार."