लखोट्यावरचा राजश्री

“राजमान्य राजश्री...” पोस्टमननं लखोट्यावरचं नाव वाचायला सुरुवात केली, तोच इंदुरीच्या अंबाजीनं हात हलवला. “फुडल्या आळीला बघा. आमच्यात कुणी राजश्री न्हाई.” “अहो, पुढं धोंडू अंबाजी काशीद लिहिलंय!” पोस्टमन हसला. अंबाजी चपापला. धोंड्या मॅट्रिक झाला होता, पण पुण्याच्या कॉलेजचा खर्च घराला झेपणारा नव्हता; सोमवारपासून तो लोणावळ्याला रेल्वेची खडी फोडायला जाणार होता. अंबाजीनं पोस्टमनकडूनच पत्र वाचून घेतलं. मुंबई सरकारनं धोंडूला कॉलेजसाठी शिष्यवृत्ती मंजूर केली होती. अंबाजीनं हात धोतराला पुसले, पत्र दोन्ही हातांत धरलं आणि तडक शेत गाठलं. धोंडू नांगरत होता. “काय झालं, आबा?” जन्मापासून ज्याला ‘धोंड्या’शिवाय हाक मारली नव्हती, त्याच्या हातून अंबाजीनं कासरा घेतला. “बाजूला सरा, राजश्री. नांगर मी धरतो, तुमी कागुद वाचा.”