सगळे आले

पत्र्यावर दोन थापा पडल्या, "चला, सगळे आले!" अशी हाळी आली, आणि राजवाड्यासमोरच्या झाडाखाली गाडीत पेंगणाऱ्या ड्रायव्हरने डोळे पुरते न उघडताच किल्ली फिरवली. थापा पडल्या होत्या शेजारच्या सहलीच्या बसवर. पण एकतीस वर्षं तसलीच बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाला थाप ती थाप. आता गाडी स्वतःची, लहानशी आहे आणि प्रवासी एकच, बायको, एवढं अर्धवट झोपेत कुणाला आठवतं!

गाडीत शांतता होती, त्याचंही त्याला काही वाटलं नाही. गुडघे आखडतात म्हणून बायको मागच्या सीटवर पाय पसरून बसायची, आणि आज तर सकाळपासून अबोला होता.

"पाच दिवस झाले," ती सकाळी म्हणाली होती. "किल्ले झाले, पूल झाले, मेलेल्या राजांची थडगी झाली. सगळीकडे मी एकटीच. एकदा तरी आत चला की."

"दगड ते दगड. एकतीस वर्षं पाहतोय."

"बाहेरून."

"तू बघ ना निवांत. मी आहेच गाडीपाशी."

"यापेक्षा घरी राहिले असते तर गुडघे तरी वाचले असते," म्हणून तिने तोंड फिरवलं ते फिरवलंच. त्याला खरोखर कळत नव्हतं, आपलं चुकलं कुठे. निवृत्त झालो की बायकोला सगळं सावकाश दाखवायचं, असं त्याने कधीचं ठरवलं होतं, आणि तो दाखवतच तर होता. पाठ मोडून गेली होती, पण ब्र काढला नव्हता.

दोन गावं मागे पडली. तिठ्यावर त्याने विचारलं, "डावीकडे ना गं?" उत्तर नाही. राग अजून उतरला नाही म्हणायचा. तो आपला डावीकडे वळला. थोडं पुढे गेल्यावर मागे तिचा फोन वाजला आणि वाजतच राहिला.

"अगं, घे की," म्हणत त्याने आरशात पाहिलं. सीटवर पर्स होती. पर्सवर फोन होता. बायको नव्हती.

त्याने गाडी तिथल्या तिथे वळवली. एकतीस वर्षांत एकही प्रवासी त्याने मागे सोडला नव्हता. आणि सोडली ती कोण, तर ही!

परतीचा रस्ता संपता संपेना. राजवाड्यासमोर कुणीच नव्हतं. गाडी मिळेल तिथे उभी करून तो तिकीटखिडकीकडे धावला.

"एक बाई पाहिल्यात का? केस पिकलेले, हळू चालतात?"

"आत असतील," तिकीटवाला वर न बघता म्हणाला. "तिकीट घ्या. अर्ध्या तासात बंद होईल."

ज्या दारात त्याने हजारो माणसं आणून सोडली होती, त्या दारातून तो पहिल्यांदाच आत गेला. तलवारी, पलंग, भिंतभर तसबिरी, कशाकडे बघायला त्याला सवड नव्हती. दोन अरुंद जिने चढून तो धापा टाकत शेवटच्या खोलीत पोचला. खिडकीच्या दगडी कट्ट्यावर ती पाठमोरी बसली होती.

त्याच्या जिवात जीव आला. मग डोकंही चालायला लागलं. ही तर अजून आतच आहे, म्हणजे हिला काही पत्ताच नाही! घाम पुसून तो नको तेवढ्या उत्साहाने म्हणाला, "आलो बघ! म्हटलं, एकदा आत जाऊन बघावंच."

ती वळली. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीसारखा. "या, बसा," सरकून जागा करत ती म्हणाली. "ही राणीची खिडकी. इथून सगळा रस्ता दिसतो."

त्याने वाकून पाहिलं. खाली ते झाड होतं, झाडाखालची रिकामी सावली होती. भर उन्हात वाकडी लावलेली त्याची गाडी होती, दार सताड उघडं. आणि पलीकडे, पार वळणापर्यंत, रस्ता लख्ख दिसत होता. त्याला मान वर करवेना.

"अगं, ते झालं असं की..."

"राजा गेला की तो परत येईपर्यंत राणी इथे बसून असायची, असं पाटीवर लिहिलंय," ती म्हणाली. "मला तासाभरातच कंटाळा आला."