चटणीची डबी

“पोरीला जाळीपाशी न्हेऊ नगंस, बाई. आतली हवा लागंल तिला,” असं झुंबरबाई म्हणाली होती, तेव्हा मुक्ता नुसती हसली होती. हवा लागणं, दृष्ट लागणं, असलं काही बी. ए. झालेली मुक्ता मानत नव्हती. सात महिन्यांच्या लेकीला तिने तुरुंगातल्या भेटीच्या जाळीला टेकवून धरलं आणि आतून नवऱ्याने त्या इवल्या बोटाला बोट लावलं. त्याच्या मागे भिंतीला पाठ लावून झुंबरबाईचा मुलगा आसाराम खोकत होता.

याला दीड महिना झाला. सरकारने दुष्काळी काम बंद केलं म्हणून कचेरीला घेराव पडला आणि दोघे त्यात आत गेले. खटला अजून उभा राहिलेला नाही. बारा माणसं, एक खोली, एक झरोका.

आज लेकीला शेजारणीकडे ठेवून मुक्ता जेलरच्या टेबलापुढे उभी होती. टेबलावर दवाखान्याचा कागद. आसारामच्या बेडक्यात क्षयाचे जंतू निघाले होते.

“आमच्या कैद्याचा बेडका दवाखान्यात गेला कसा?” जेलरने विचारलं.

“चटणीच्या डबीतून.”

दारातला शिपाई पुंजाराम चपापला. नवऱ्याचा डबा रोज तोच तपासायचा. भाकरी मोडून बघायचा, पिठल्यात काडी फिरवायचा, वर “वहिनी, आज मीठ इसरल्या वाटतं,” म्हणून चिडवायचा.

“म्या तर रोज बघतो, सायब.”

“आत जाताना बघता, पुंजारामभाऊ. बाहेर येताना खरकट्या डब्याला हात कोण लावतो?”

जेलरने कागद बोटाने तिच्याकडे सरकवला. “धुळीचे दिवस आहेत, बाई. खोकला कुणाला नाही? हे बघा, तुमचे मिस्टर शिकलेले आहेत. आजच कोपऱ्यातल्या खोलीत टाकतो त्यांना, एकटे राहतील. हा कागद तेवढा घरी न्या.”

दीड महिना मुक्ता लेकीच्या छातीला कान लावून निजत होती. नवरा एकटा, वेगळ्या हवेत. मानेने होकार दिला की झालं.

तिने खुर्ची ओढली आणि कुणी न सांगता बसली.

“खोकणाऱ्याला हलवा. दवाखान्यात. आणि राहिलेल्या अकरा जणांचा बेडका तपासा. माझे मिस्टर त्यातच मोजा.”

“आणि नाही तपासला तर?”

“मग आम्हीच तपासून आणू.”

मुक्ताने खिडकीकडे पाहिलं, तसं जेलरनेही बाहेर पाहिलं. फाटकापाशी लिंबाखाली बायका डबे घेऊन बसल्या होत्या. मधोमध झुंबरबाई. प्रत्येकीच्या मांडीवर डबा, आणि डब्यावर एक एक चटणीची डबी.

पुंजारामने नजर खाली घातली. “आता कंचा डबा उघडायचा, सायब?”

अकरा जणांची तपासणी झाली. आसारामला मात्र आदल्याच दिवशी गाडीत घालून दुसऱ्या तुरुंगात नेलं. कुठल्या, ते कुणी सांगत नाही. कागद मुक्ताकडेच राहिला.

तेव्हापासून ती भेटेल त्याला सांगते, तशी तुम्हालाही सांगते आहे. तुमच्या गावी तुरुंग असेल तर एकदा फाटकावर जा. आसाराम नावाचा ऊसतोड्या, पाथर्डीकडचा, उंच, डाव्या भुवईवर व्रण. महिनोन्महिने त्याच्या अंगात औषध जायला हवं, खाडा न होता. आज दिलं का, एवढंच विचारा. कोण तुम्ही, असं म्हणाले तर सांगा, घरचा डबा घेऊन आलोय.