वरिष्ठांपुढे गप्प बसणाऱ्यांचा तक्ता

कोणत्या देशातली माणसं वरिष्ठांपुढे किती गप्प बसतात, याचा तक्ता ती परिचारिकांच्या प्रशिक्षणात शिकवायची. आपला देश त्यात बराच वर होता. त्या संध्याकाळी ती तोच तक्ता तपासत बसली होती, तेव्हा बाबा छाती चोळत शेजारी येऊन टेकले. कपाळावर घाम होता.

"बाबा, डॉक्टरांकडे जाऊ या का?"

"पित्त झालंय. उगाच डोकं खाऊ नकोस, तुझं काम कर."

तिला ते पटलं नव्हतं. पण घरात बाबांचा शब्द आजवर कुणी मोडला नव्हता. तिने मान खाली घातली. उजाडायच्या आत बाबा गेले.

महिन्याने ती पुन्हा वर्गावर उभी राहिली. "वरिष्ठ चुकत असतील, तर बोला," तिने नेहमीप्रमाणे सांगितलं.

एक जुनी परिचारिका म्हणाली, "ताई, सांगायला सोपं आहे हो! मोठे डॉक्टर डोळे वटारतात तेव्हा आमची दातखीळ बसते. नेमकं काय बोलायचं, ते एकदा बोलूनच दाखवा की."

सगळ्या हसल्या. तिचा आवाज मात्र चढला.

"तुम्ही चुकताय, बाबा. उठा. मी विचारत नाहीये, सांगतेय."