सोबतीचं माणूस

“रोग्याला बोलू द्या. सोबतीचं माणूस फार बोलायला लागलं, की त्याला बाहेर बसवा.” हुबळीच्या कॉलेजातल्या म्हाताऱ्या सरांचा हा आवाज इतक्या वर्षांनी, कोप्पळच्या दवाखान्यातही, डॉक्टर वनजाक्षीबाईंच्या कानात होता.

समोर खुर्चीत शंक्रव्वा बसली होती. तिची सून रत्नव्वा दाराच्या चौकटीला टेकून उभी.

“काय होतंय, अव्वा?”

“अत्तींना दम लागतो,” सासूकडे बोट दाखवत सूनच म्हणाली. “जात्यावर डाळ भरडताना आम्ही दोघी पदं म्हणतो. आधी कडवं कसं सरसर जायचं. आता अत्ती... अर्ध्यातच ओळ सोडतात.”

“मी त्यांना विचारतेय. तू सून आहेस की वकील?”

शंक्रव्वा हसली.

“रात्री झोप लागते?”

“कुठली! भिंतीला टेकून बसलेल्या असतात,” पुन्हा रत्नव्वा.

“तुला काय माहीत?”

“मी जागीच असते की.”

“पाय सुजतात?”

“सुजतात म्हणतात. चपला चढत नाहीत म्हणतात.”

डॉक्टरबाईंनी म्हातारीचा पाय दाबून पाहिला. वाळल्या शेंगेसारखा पाय. बोट रुतलं नाही. छाती ऐकली. जातं फिरावं तसे ठोके, संथ, एका लयीत. सून सांगत होती एक, छाती सांगत होती दुसरंच.

“घरात कुणी मारहाण करतं का, अव्वा? जेवायला नीट मिळतं?”

“यव्वा, काय बोलता!” रत्नव्वा कळवळली. “आमचे हे म्हणाले, म्हातारपण आहे, दवाखाना कशाला. मीच हट्टानं आणलं. अत्तींना काही झालं, तर मला... कोण आहे?” तिनं चौकट घट्ट धरली.

म्हातारी तिच्याकडे टक लावून पाहत होती. घाबरलीय, बाईंना वाटलं. हिच्यासमोर तोंड उघडायची नाही.

“रत्नव्वा, तू बाहेर बस.”

तिचा चेहरा उतरला. पदर सावरून ती वळली.

तशी शंक्रव्वा ताडकन उठली. चार पावलांत तिनं दार गाठलं, सुनेचा दंड धरला, तिला आणून आपल्या खुर्चीत बसवलं.

“मला काही झालेलं नाही, बाई. ‘तुझ्यासाठी चल’ म्हटलं असतं, तर ही आली नसती. हिचा दम तुटतो, म्हणून मी ओळ सोडते.”